फिलाडेल्फिया मुलांना दाखवायचं कसं?

अंगणवेल | ६ सप्टेंबर, २१:४०

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे, म्हणून धागा काढतेय.

फिलाडेल्फियाच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात आमची रविवारची मराठी शाळा भरते. मोठा गट माझ्याकडे असतो. वयं ११ ते १३, मुलं चौदा. गेल्या वर्षी मी त्यांना शहराचा जुना भाग दाखवायला नेलं होतं आणि तो दिवस माझ्या मते पार वाया गेला. चूक माझीच. वीस प्रश्नांचा कागद छापून हातात दिला होता. इंडिपेन्डन्स हॉल कधी बांधला, लिबर्टी बेल या घंटेचं वजन किती, बेट्सी रॉस कोण, असले प्रश्न. पोरांनी बसमध्येच फोनवर शोधून सगळी उत्तरं लिहून टाकली. उतरलो तेव्हा कागद भरलेले आणि पोरं मोकळी. घंटेसमोर रांग लावली, प्रत्येकाने दोन बोटं वर करून फोटो काढला आणि लगेच "मावशी, आता चीजस्टेक?"

संध्याकाळी एका आईने मुलाला विचारलं, काय पाहिलंस. तो म्हणाला, "एक तुटकी बेल."

यंदा ऑक्टोबरात परत न्यायचं आहे. साडेनऊ ते तीन, एवढाच वेळ. काय दाखवावं, त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय गाळावं? आणि मुलं नुसती बघून पुढे जाणार नाहीत, थांबतील, असं काय करता येईल? लिहिणार मराठीत आहेत, म्हणजे प्रत्येक वाक्याला मला तीनदा हाक येणार, हे वेगळे सांगणे न लगे.

पेठकर | ६ सप्टेंबर, २२:१५

एक बाळबोध शंका. मराठी शाळेत फिलाडेल्फिया कशाला? ते त्यांची अमेरिकन शाळा शिकवतेच की. तुम्ही शनिवारवाडा शिकवा.

अंगणवेल | ६ सप्टेंबर, २२:३१

पेठकर, शनिवारवाडा त्यांनी दर दोन वर्षांनी आजीबरोबर पाहिलाय. इथे मात्र ती जन्मली आहेत. आणि आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या याच गावात. तेवढ्या एका कारणावरही मी त्यांना नेलं असतं.

जुनाखोड | ७ सप्टेंबर, ०५:५०

अंगणवेल, मी या शहराच्या सरकारी शाळांमध्ये बावीस वर्षं समाजशास्त्र शिकवलं, आता निवृत्त. तुमचा तो वीस प्रश्नांचा कागद मीही पहिली सहा वर्षं वाटला, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

ठिकाणं निम्मी करा. मग उरलेल्यातून परत निम्मी काढून टाका. दिवसाला चार जागा पुष्कळ झाल्या. मुलाला एका वस्तूपाशी वीस मिनिटं उभं राहता आलं तर ती वस्तू त्याची होते. वीस वस्तूंपाशी एकेक मिनिट उभा राहिला तर त्याचे फक्त पाय दुखतात.

आता घंटा. "तुटकी बेल" म्हणणारा तो मुलगा हुशार आहे, त्याला तिथूनच पुढे न्या. पोरांना सांगा, भेग नीट बघा. रुंद आहे, कडा रेघ मारल्यासारख्या सरळ आहेत. आपोआप तडकलेली वस्तू अशी दिसते का? घरातली फुटकी कपबशी आठवा. मग कुणीतरी म्हणतंच, "हे कुणीतरी कापलंय." बरोबर! १८४६ मध्ये वॉशिंग्टनच्या वाढदिवसाला वाजवायची म्हणून मूळची बारीक चीर कानशीने मुद्दाम रुंद केली होती, दोन्ही कडा एकमेकींवर घासून खरखर होऊ नये म्हणून. म्हणजे जिला सगळं जग भेग म्हणतं ती खरं तर दुरुस्ती. तिच्या वरच्या टोकापासून पुढे केसासारखी दुसरी चीर गेलेली आहे. घंटा कायमची मुकी झाली ती या दुसऱ्या चिरेने. ही चीर शोधायला लावा. सापडली की पोरं एकमेकांना ओढून दाखवतात, हा माझा दरवर्षीचा अनुभव.

नंतर अक्षरं. घंटेवर पास आणि स्टो ही दोन नावं आहेत आणि खाली रोमन आकड्यांत १७५३. लंडनहून आलेली मूळ घंटा पहिल्याच चाचणीत तडकली, तेव्हा गावातल्या या दोघांनी ती वितळवून पुन्हा ओतली. पहिल्यांदा आवाज कुणाला आवडला नाही, म्हणून परत ओतली. पेनसिल्व्हेनियाच्या स्पेलिंगमध्ये आज आपण लिहितो त्यापेक्षा एक अक्षर कमी आहे, तेही शोधू द्या. शुद्धलेखनाला वैतागलेल्या मुलांना फार बरं वाटतं.

आणि कृपा करून ४ जुलै १७७६ ला ही घंटा वाजली असं सांगू नका. ती १८४७ मध्ये एका कादंबरीकाराने रचलेली गोष्ट. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लोकांसमोर वाचला तोच मुळी ८ जुलैला. 'लिबर्टी बेल' हे नाव तर १८३० च्या दशकात गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांनी दिलं. त्यांनी घंटेवरची बायबलमधली ओळ वाचली, 'देशातल्या सर्व रहिवाशांना स्वातंत्र्य जाहीर करा', आणि विचारलं, सर्व म्हणजे कोण?

हा प्रश्न घेऊन दारातून बाहेर पडा. उत्तर शंभर पावलांच्या आत आहे. त्यावर नंतर लिहितो, फिरायला जायची वेळ झाली.

चिंचगूळ | ७ सप्टेंबर, ०८:०२

काका, अर्ध्यावर सोडून फिरायला गेलात! वाचनखूण साठवली.

तिरकीटधा | ७ सप्टेंबर, ०९:२०

मी स्थापत्याचा माणूस, तेव्हा माझं मत विटांना. एल्फ्रेथ्स ॲली गाळू नका. जेमतेम गाडीभर रुंद गल्ली, १७२० ते १८३० च्या दशकांतली बत्तीस घरं, आणि लोक आजही त्यांत राहतात, म्हणून पोरांना आवाज खाली ठेवायला सांगा.

तिथे प्रश्न तोंडी न विचारता वस्तू शोधायला लावा. दारातल्या पायरीशेजारी एक लोखंडी पट्टी असते, ती कशाला? (बुटाचा चिखल खरवडायला. म्हणजे रस्ता कसा होता ते कळलं.) वरच्या खिडकीबाहेर जोडआरसे लावलेले दिसतील. माडीवरून न उतरता दारात कोण आलंय ते बघायची सोय. त्यांना इथे 'बिझीबॉडी' म्हणतात, म्हणजे आपल्या चाळीतल्या कोपऱ्यातल्या काकू. विटांमध्ये एक आडवी, एक उभी अशी रचना दिसते आणि मधल्या काही विटा काळसर चकाकतात. भट्टीत आगीच्या जवळ होत्या त्या काचेसारख्या झाल्या, आणि गवंड्याने त्या टाकून न देता नक्षीला वापरल्या.

सगळ्यात भारी म्हणजे जुन्या घरांच्या दर्शनी भिंतीवरच्या विम्याच्या खुणा. चार हात मनगटांना धरून चौकोन केलेली खूण दिसली तर ती बेंजामिन फ्रँकलिन आणि मित्रांनी १७५२ मध्ये काढलेल्या आगविमा संस्थेची. काही घरांवर मात्र झाड असतं. का? तर त्या पहिल्या संस्थेने ठरवलं की घरासमोर झाड असेल तर विमा नाही, आग पसरते, पाण्याचा फवारा अडतो. झाडं आवडणारे लोक चिडले आणि १७८४ मध्ये त्यांनी वेगळी संस्था काढली. खूण म्हणून काय घेतलं? हिरवं झाड! एका बोधचिन्हात अख्खं भांडण. तेरा वर्षांच्या पोराला असला खवचटपणा बरोबर कळतो.

पेठकर | ७ सप्टेंबर, ०९:४४

हिरवं झाड आवडलं. ही मंडळी मूळची सदाशिव पेठेतली असावीत.

तिरकीटधा | ७ सप्टेंबर, ०९:५१

पेठकर :) तुमच्यासाठी रस्त्यांची नावं. विल्यम पेनने १६८२ मध्ये गाव आखलं तेव्हा आडव्या रस्त्यांना झाडांची नावं दिली. चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाइन अजून आहेत. पण सॅसफ्रसचा रेस स्ट्रीट झाला, कारण लोक तिथे घोडे पळवायचे. मलबेरीचा आर्च झाला. कागदावरचं नाव एक आणि लोकांच्या तोंडातलं दुसरं, यात शेवटी कोण जिंकलं ते पोरांनाच नकाशावर शोधू द्या.

निवांत | ७ सप्टेंबर, ११:३०

जुनाखोड काकांच्या पोस्टचा रोख कुठे चाललाय ते दिसतंय. माझी वेगळी बाजू मांडतो. मुलं अकरा वर्षांची. सहलीला आलीत. ज्या देशात राहायचं त्याबद्दल थोडा अभिमान वाटू द्या की. गुलामगिरी वगैरे हायस्कुलात शिकतीलच. प्रत्येक गोष्टीचं शवविच्छेदन सहलीतच करायला हवं का?

चिंचगूळ | ७ सप्टेंबर, ११:४८

आता धाग्याचा काश्मीर होणार. पॉपकॉर्न घेऊन बसते.

जुनाखोड | ७ सप्टेंबर, १३:१०

होणार नाही. निवांत यांचा प्रश्न रास्त आहे. पालकसभेत मला दरवर्षी कुणी ना कुणी हेच विचारायचं.

घंटेच्या इमारतीत शिरायच्या दाराशीच, सहावा रस्ता आणि मार्केट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, राष्ट्राध्यक्षांच्या घराची जागा आहे. राजधानी फिलाडेल्फियात होती तेव्हा वॉशिंग्टन १७९० ते १७९७ इथे राहिले. घर कधीच पाडलं गेलं, पण २००७ च्या उत्खननात पाया लागला. तिथल्या दगडी भिंतीवर नऊ नावं कोरली आहेत. त्या घरात वॉशिंग्टननी गुलाम म्हणून ठेवलेली ही नऊ माणसं. घंटा बघायला जाणाऱ्याला त्यांच्या जागेवरूनच जावं लागतं. मी मुद्दाम दाखवत नाही हो, ते वाटेतच आहे. तिथून बोलत बोलत पोरांना पुढे काढायचं, तर त्यासाठी मला मुद्दाम प्रयत्न करावा लागेल.

त्या नऊ जणांत ओनी जज होती. मार्था वॉशिंग्टनची कपडे-केस सांभाळणारी, वीस-बावीस वर्षांची. पेनसिल्व्हेनियात १७८० चा कायदा असा होता की बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने सलग इथे राहिला तर त्याला मुक्त होता येई. म्हणून वॉशिंग्टन मुदत भरायच्या आत त्यांना राज्याबाहेर पाठवून परत आणत. हे गणित सहावीतल्या मुलाला फळ्यावर मांडून द्या. बघा तो काय म्हणतो.

२१ मे १७९६ ला घरातले लोक व्हर्जिनियाला जायची बांधाबांध करत होते. तीही बांधाबांध करत होती. म्हातारपणी दिलेल्या मुलाखतीत तिने सांगितलं की कुठे जायचं ते तिला ठाऊक नव्हतं, पण व्हर्जिनियाला गेलं तर सुटका नाही, हे ठाऊक होतं. घरचे जेवायला बसले असताना ती बाहेर पडली, जहाजाने न्यू हॅम्पशायरला पोचली आणि १८४८ मध्ये तिथेच वारली. कायद्याने शेवटपर्यंत गुलामच. वॉशिंग्टनच्या घरच्या कारभाऱ्याने वर्तमानपत्रात तिच्यासाठी जाहिरात दिली होती, दहा डॉलर बक्षीस. चेहऱ्यावर खूप वांग, डोळे काळेभोर, केस दाट, असं वर्णन आहे. तिचं चित्र कुठेच नाही. ती कशी दिसायची हे आपल्याला कळतं ते तिला पकडू पाहणाऱ्यांच्या जाहिरातीवरून.

निवांत, अभिमान वाटू द्या म्हणता ना? माझ्या वर्गातल्या पोरांना ओनीचा वाटायचा.

निवांत | ७ सप्टेंबर, १३:४०

काका, वांग असलेली बाई आता डोक्यातून जाणार नाही. अकराव्या वर्षी झेपेल का, ही शंका मात्र अजून आहे. पालकांना आधी एक चिठ्ठी पाठवा, एवढंच म्हणेन.

अंगणवेल | ७ सप्टेंबर, १३:५२

पाठवते. चांगली सूचना.

भटकीमैना | ७ सप्टेंबर, १९:२५

आनंदीबाईंबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून मी. दुपारचा तासभर त्यांच्यासाठी ठेवा, पण शाळेच्या धड्यातल्या आनंदीबाई नकोत. "अठराव्या वर्षी सातासमुद्रापार" हे वाक्य ऐकून पोरांना काही होत नाही, कारण त्यांचे आईवडील सातासमुद्रापारच राहतात.

फोटो दाखवा. १० ऑक्टोबर १८८५ चा. तिघी बसल्यात, साडीतल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या साबात इस्लामबूली. तिघी आपापल्या देशाच्या वेशात. हा फोटो ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे, कारण त्यांचं कॉलेज, १८५० मध्ये सुरू झालेलं बायकांचं वैद्यकीय महाविद्यालय, बदलत बदलत शेवटी ड्रेक्सेलमध्ये मिसळलं. मुलांना विचारा, तिघी एकमेकींशी कुठल्या भाषेत बोलत असतील? घरी मराठी आणि बाहेर इंग्रजी बोलणाऱ्या पोरांना हा प्रश्न लगेच आपला वाटतो.

मग ११ मार्च १८८६, पदवीचा दिवस. समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. आनंदीबाईंचा प्रबंध हिंदू प्रसूतिशास्त्रावर होता. पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात क्षयाने गेल्या, बावीस पूर्ण व्हायला महिना बाकी होता. रक्षा न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंकडे आली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या दफनभूमीत त्या कुटुंबाच्या जागेत ठेवली. ज्यांच्या घरी ही मुलगी येऊन राहिली, त्यांच्याच माणसांत तिचा दगड आहे.

बस असेल तर नॉर्थ कॉलेज ॲव्हेन्यूवरून न्या, कॉलेज त्या भागात होतं. शेजारी गिरार्ड कॉलेजची उंच दगडी भिंत लागेल. आनंदीबाई शिकायला आल्या तेव्हाही ती होतीच. स्टीफन गिरार्ड हा अफाट श्रीमंत व्यापारी. १७९३ च्या पिवळ्या तापाच्या साथीत लोक गाव सोडून पळत होते, तेव्हा हा इस्पितळात जाऊन रोग्यांची शुश्रूषा करत राहिला. त्याच माणसाने मृत्युपत्रात लिहिलं की शाळा फक्त गरीब, गोऱ्या, अनाथ मुलग्यांसाठी. १९६५ मध्ये त्या भिंतीभोवती सात महिने निदर्शनं चालली. काळी मुलं आत आली ती १९६८ मध्ये. म्हणजे भिंतीच्या एका बाजूला ही शाळा आणि पलीकडे जपान, सीरिया, महाराष्ट्रातून आलेल्या बायकांना डॉक्टर करणारं कॉलेज! मी तिथे गेले की दर वेळी थोडा वेळ नुसती उभी राहते.

तिरकीटधा | ७ सप्टेंबर, १९:५८

जाता जाता, पिवळ्या तापावरून वर्गात एक छान तास होतो. सहल नको, दोन कागद पुरेत. पन्नासेक हजारांच्या गावात सुमारे पाच हजार माणसं गेली. मॅथ्यू केरी नावाच्या प्रकाशकाने पुस्तिका काढली आणि तीत काळ्या परिचारकांवर आरोप केला, पैसे उकळले, चोऱ्या केल्या म्हणून. रिचर्ड ॲलन आणि ॲब्सलम जोन्स या काळ्या समाजाच्या पुढाऱ्यांनी १७९४ मध्ये उत्तरादाखल दुसरी पुस्तिका छापली, खर्चाच्या हिशेबासकट. काळ्यांना हा ताप होत नाही, या डॉक्टरांच्या चुकीच्या समजुतीवरून त्यांना पुढे केलं होतं, आणि ती माणसंही मरत होती. अर्ध्या वर्गाला पहिला उतारा, अर्ध्याला दुसरा. मग काय घडलं ते एकमेकांना सांगा म्हणायचं. पुढची वीस मिनिटं शिक्षकाने गप्प बसायचं.

चिंचगूळ | ७ सप्टेंबर, २०:१०

व्यवहाराचं बोलते. घंटा बघायला तिकीट लागत नाही, पण सुरक्षा तपासणीची रांग मोठी असते, दप्तरं कमी न्या. इंडिपेन्डन्स हॉलच्या वेळा आधी ठरवून ठेवाव्या लागतात. जेवायला रीडिंग टर्मिनल मार्केट, पण चौदा पोरं घेऊन शनिवारी बारा वाजता शिराल तर त्यांतली एक-दोन तिथेच राहतील. सव्वाअकराला जा.

अंगणवेल | १९ ऑक्टोबर, २२:०५

काल जाऊन आलो. उशीर झालाय पण आजच लिहिते, नाहीतर राहून जाईल.

इंडिपेन्डन्स हॉल गाळला. हो, गाळला! बाहेरून बघितला, आतल्या एकाच खोलीत १७७६ चा जाहीरनामा आणि १७८७ ची राज्यघटना, दोन्हींवर सह्या झाल्या एवढं सांगितलं आणि पुढे निघालो. दोन पालक नाराज झाले. त्यांना म्हटलं, स्वातंत्र्याच्या २५० व्या वर्षाच्या निमित्ताने तुम्ही सहकुटुंब नेणारच आहात.

घंटेपाशी केसाची चीर पहिल्यांदा गेल्या वर्षीच्या "तुटकी बेल"वाल्यालाच सापडली. त्याने ती रांगेतल्या एका अनोळखी आजोबांनाही दाखवली, इंग्रजीतून, पाच मिनिटं. एल्फ्रेथ्स ॲलीत दोघींनी विटेवर कागद ठेवून पेन्सिल घासायला घेतली, तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. मला वाटलं आता बोलणी बसणार. त्या बाईंनी बुटाच्या पट्टीला बूट घासून दाखवला आणि आत गेल्या. नॉर्थ कॉलेज ॲव्हेन्यू मात्र हुकला. बसवाल्याने रस्ता बंद आहे म्हणून वळवली आणि मला नकाशा उलगडेपर्यंत आपण हायवेवर. फोटोवर भागवलं. तिघी इंग्रजीतच बोलत असणार यावर सगळ्यांचं एकमत झालं. एक मुलगी म्हणाली, "पण रडताना नाही."

आज वर्गात लिहायला दिलं. ओनीची जाहिरात मी मराठीत करून दिली होती आणि तिथेच गाडी अडली. 'पळून गेली' असं मी लिहिलं होतं. एकाने हात वर केला. म्हणाला, मावशी, आई म्हणते आमच्या कामवाल्या पैसे घेऊन पळून गेल्या. ओनी तशी पळून गेली का? मी म्हटलं, तुला काय लिहावंसं वाटतं? मग वर्गातच भांडण जुंपलं. 'निघून गेली' म्हणजे रागावून गेली असं वाटतं, एकीचं म्हणणं. 'सुटली' म्हणजे कुणीतरी सोडलं, दुसऱ्याचं. तिला कुणी सोडलं नाही, ती स्वतः गेली. 'मुक्त झाली' म्हणावं तर कायद्याने झालीच नाही, हे त्यांना काकांच्या माहितीमुळे ठाऊक. पाऊण तास चौदा पोरं मराठी क्रियापदांवर हमरीतुमरीवर आली होती. नऊ वर्षांत असं कधी पाहिलं नव्हतं. मी खरंच गप्प बसले, तिरकीटधा.

शेवटी ज्याने त्याने आपल्या मनाचं लिहिलं. वह्या आत्ता समोर आहेत. आठ जणांनी 'सुटली', तिघांनी 'निघून गेली', दोघांनी माझंच 'पळून गेली' ठेवलंय. आमच्या सगळ्यात लहान मुलाने, ज्याला मराठी सर्वांत कमी येतं, एवढंच लिहिलंय: "ते जेवत होते. ती गेली."

जुनाखोड | २० ऑक्टोबर, ०५:४०

त्या वहीच्या पानाचा फोटो काढून ठेवा, नाव झाकून. आणि पुढच्या खेपेला नॉर्थ कॉलेज ॲव्हेन्यूला मी बसमध्ये पुढे बसतो. रस्ता बंद नव्हता हो, त्याला वळणं नको होती.